काकांचा कान

काकांच्या दुकानात खुर्ची नव्हती. कसबा पेठेतल्या अरुंद गल्लीत, दहा बाय बाराच्या जागेत, सुतारकामाची विजेवर चालणारी मशीनं विकणारा हा गृहस्थ वर्षानुवर्षं उभ्याने धंदा करत होता. उभ्याने तरी कसला, येरझाऱ्या घालत! फळीपासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून फळीपर्यंत. मी एकदा खुर्चीचं विचारलं. "गिऱ्हाईक बसलं की गप्पा मारतं. उभं राहिलं की मशीन बघतं," ते म्हणाले आणि परत चालू लागले. नुसतं त्यांच्याकडे बघून मला दम लागायचा.

मशीन द्यायच्या आधी ते खोक्यातून काढायचे, चालू करायचे आणि डोळे मिटून कान जवळ न्यायचे. तेवढं अर्धं मिनिट काय ते हा माणूस एका जागी थांबायचा. आवाज पसंत पडला तर "न्या". नाही पडला तर "जाड येतोय" एवढंच म्हणून मशीन परत खोक्यात. आपल्याला त्यातलं ओ की ठो ऐकू आलेलं नसायचं! वॉरंटीचा कागद मागितला की मात्र चिडायचे. "देतो हो कागद. पण तो कागद येणार आहे का दुरुस्तीला? बिघडलं तर इकडे या. मी अजून मेलेलो नाही."

संगणकाच्या कंपन्या पुण्यात धडाधड ऑफिसं थाटत होत्या, तेव्हाची गोष्ट. मला त्यातल्या एकीकडून चाळीस टेबलांचं काम मिळालं. आयुष्यातलं पहिलं मोठं काम, मुदत पंधरा दिवस, आणि माझा स्वभाव आधीच उतावळा. काकांनी लाकूड कापायची तीन कटर एकामागून एक कानाशी धरली आणि तिन्ही परत ठेवली. "सोमवारी नवा माल येईल. तेव्हा या." माझं डोकंच फिरलं.

"तुम्हाला विकायचंच नसेल, तर दुकान कशाला उघडलंत?"

"तुमच्यासारख्यांना परत पाठवायला."

मी तणतणत निघालो आणि एका नव्या शोरूममध्ये शिरलो. आत गार हवा, गुबगुबीत सोफा, हातात सरबत, आणि दर वाक्याला "सर". मी आपला सोफ्यावर ऐसपैस बसलो आणि खोकं न उघडताच कटर घेऊन आलो. पाचव्या दिवशी बिबवेवाडीच्या माझ्या फर्निचरच्या शेडमध्ये त्यातून धूर निघाला. शोरूमवाला गोड आवाजात म्हणाला, "कंपनीला पाठवू, सर. तीन आठवडे लागतील." सरबत मात्र पुन्हा विचारलंन.

मग काय, खाली मान घालून कसब्यात. काकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सोफा होता का हो तिथे?"

"होता."

"वाटलंच." गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं स्वतःचं कटर फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. शिवाय रोज दुपारी स्कूटरवरून शेडमध्ये हजर! "मशीनची चौकशी करायला आलोय, तुमची नव्हे," असं बजावून कान लावायचे, दोन फेऱ्या मारायचे आणि जायचे. टेबलं वेळेत पोचली. त्या दिवसापासून मी दुसऱ्या दुकानाची पायरी चढलो नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका दुपारी मी दुकानात असताना मांजरी गावचे एक मिस्त्री आले. आठवड्यापूर्वीच नेलेलं, लाकूड तासायचं रंध्याचं मशीन त्यांनी फळीवर ठेवलं. "काका, ह्ये हातात लई थरथरतंय. आवाज बी वेगळा हाय."

काकांनी ते चालू केलं, डोळे मिटले, कान नेला. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं. मग दुसरा कान नेला. मला दारातून ती खरखर स्वच्छ ऐकू येत होती. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"येतोय?"

नाही म्हणालो असतो, तर काकांचा मान राहिला असता आणि मिस्त्री तेच मशीन घेऊन परत गेले असते. पण या माणसासमोर मशीनबद्दल खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. "येतोय, काका. जाड येतोय."

त्यांनी नवं खोकं फोडलं, मशीन माझ्यापुढे धरलं. "ऐक." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अरे-तुरे! मी ऐकलं, मान डोलावली. मिस्त्रींना ते देऊन "चूक माझी" म्हणाले. ते गेल्यावर काका किती तरी वेळ चालत राहिले. "दिवाळीपासून मी नुसत्या अंदाजाने 'न्या' म्हणतोय," ते शेवटी म्हणाले. "ती सगळी मशीनं ऐकायला हवीत. येशील?"

आणि आम्ही खरंच निघालो. दिवाळीपासून ज्यांनी ज्यांनी मशीन नेलं, त्या प्रत्येकाच्या दारात. मी ऐकायचो, काका माझ्या तोंडाकडे बघायचे. लोक म्हणत, "अहो, आमची काही तक्रार नाही!" काका म्हणत, "माझी आहे." महिनाभर त्यांना चैन नव्हतं. दोन मशीनं वाईट निघाली, दोन्ही बदलून दिली. यादीत शेवटचं नाव माझंच होतं.

शेडमध्ये येऊन मी माझं नवं कटर चालू केलं, ऐकलं. "बारीक आहे, काका. झाली सगळी."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा काका शेजारच्या प्लायच्या थप्पीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी स्वस्थ. त्या माणसाला बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना. "उठा ना, काका," मी म्हणालो, "दुकान उघडायचंय." चालूच राहिलेल्या कटरच्या आवाजात माझं बोलणं बुडालं, की त्यांच्या कानाला आता तेही ऐकू येत नव्हतं, कोण जाणे. ते उठले नाहीत; कटरकडे बघत तसेच बसून राहिले.