बिनशिलाईचं आसन

माझं काम लोकांना समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. मी पेटंट कार्यालयात परीक्षक आहे. कोणी म्हणालं की हे मी नवं शोधून काढलंय, तर जगभरचे जुने कागद उपसून ते खरंच नवं आहे का हे बघायचं, एवढंच माझं काम. नेरला, माझ्या गावी, घरी आले की शेजारच्या काकू विचारतात, "पेपर तपासतं काय व तू?" मी हो म्हणून मोकळी होते. ते फारसं खोटंही नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर उष्णतेनं चिकटणाऱ्या तंतूंची फाइल होती. तंतू केसाहून बारीक, पण दुहेरी. आत एका प्लास्टिकचा गाभा आणि त्यावर दुसऱ्या प्लास्टिकचं आवरण. तापवलं की आवरण आधी पाघळतं आणि जिथे दोन तंतू एकमेकांवर पडलेत तिथे ते चिकटतात. गाभा मात्र तसाच राहतो. मेणबत्तीचं मेण वितळलं तरी वात राहते, तसं काहीसं. असं कापड विणायचं नाही की शिवायचं नाही, नुसतं तापवायचं. अर्ज करणाऱ्या कंपनीचा दावा असा होता की तापलेल्या नक्षीदार रुळाखालून काढलं की कापड ठिपक्यांपुरतंच चिकटतं आणि बाकीचा भाग मऊ राहतो.

कागदावर वाचून माझं समाधान होत नाही, ही माझी जुनी खोड. लहानपणी घरातलं घड्याळ बंद पडलं की सगळे आधी माझ्याकडे बघायचे. असं कापड डायपरच्या पदरांत असतं, म्हणून मी औषधाच्या दुकानातून डायपरचं पाकीट आणलं. दुकानदार तोंड भरून "अभिनंदन, मॅडम" म्हणाला. तेही मी मुकाट्यानं घेतलं आणि घरी येऊन भिंगाखाली डायपरचा एकेक पदर सोलत बसले. घरात पाळणा नाही की बाळ नाही, आणि टेबलभर डायपरच्या चिंध्या!

गंमत म्हणजे नेरच्या आमच्या घरात वहिनी याच तंतूंशी खेळत होत्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या लहान बाळांच्या गाद्या करतात. सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून आखूड कापूस आणायचा आणि अमरावतीच्या गादीवाल्याकडून आणलेला हा चिकटणारा धागा त्यात पिंजून घ्यायचा. गल्लीतल्या बेकरीत टोस्टचा शेवटचा घाणा निघाला की त्या भट्टीत तो थर तापवायचा. अशी गादी धुतली तरी कापसाचे गोळे होत नाहीत. इथवर नवं काही नव्हतं, असे प्रकार मी कितीतरी कागदांत वाचले होते. पण दिवाळीनंतर एकदा त्यांचा फोन आला.

"बाई, माह्याजवळ एक गोष्ट हाये. थे कोणाजवळच नसन. मले पेटंट भेटन काय?"

मी काही बोलायच्या आत त्याच पुढे म्हणाल्या, "वावर तुमच्या भावाच्या नावानं, घर मामंजींच्या नावानं. एखादा कागद तं माह्या नावाचा पाह्यजे ना!"

त्या आवाजात इतकी हौस होती, आणि मला तिथेच त्यांना अडवावं लागलं. आमच्या कार्यालयातल्या माणसानं कोणाचा अर्ज लिहून द्यायचा नाही की कोणासाठी शोध घ्यायचा नाही, असा कायदाच आहे. "वहिनी, तुम्ही कसं करता ते मले सांगूच नका," मी म्हटलं. नागपूरला पेटंटचे अर्ज करून देणारे एक एजंट आहेत, त्यांना भेटा असं सुचवलं. वहिनींनी त्यांच्याकडून संक्रांतीनंतरच्या सोमवारची वेळ घेतली.

अर्ज दाखल होईपर्यंत कोणालाच सांगायचं नाही, एवढं मात्र माझ्याकडून बोलायचं राहून गेलं. आम्हा लोकांना ती गोष्ट इतकी उघड वाटते की तोंडात येतच नाही. माझ्या "सांगूच नका"चा अर्थ वहिनींनी असा घेतला की सरकारी नोकरीतल्या नणंदेला आपल्यापायी त्रास होऊ नये. म्हणून दोन महिने त्यांनी मला ताकास तूर लागू दिली नाही. मी मात्र मनातल्या मनात झुरत होते. बाकी काही असो, एखादी गोष्ट कशी होते हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही.

संक्रांतीला मी आठवडाभराची रजा काढून घरी आले. शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. दरवर्षी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या नाहीतर गाळण्या असतात. यंदा वहिनींनी स्वतःच्या हातानं चाळीस आसनं केली होती, पूजेला बसायला, हातभर लांबरुंद. हळदीकुंकू लावून झालं, तिळगूळ झाला आणि त्या एकेकीच्या ओटीत आसन ठेवू लागल्या. एक माझ्याही हातात आलं.

मी ते उलटंपालटं करून पाहिलं. सगळं अंग चापूनचोपून घट्ट बसलेलं आणि मधेमधे टपोरे फुगीर ठिपके, कमळाच्या आकारात. बोट दाबलं की आत कापूस मोकळा लागायचा. शिलाईचा एक टाका नाही. नक्षीदार रूळ म्हणावं तर तो या गावात कुठून येणार, आणि बेकरीच्या भट्टीत सगळीकडे सारखीच धग. मग एवढीच जागा न चिकटता सुटली कशी? हवी तेवढीच जागा चिकटवणं माझ्या फाइलमधल्या कंपनीनं यंत्रानं साधलं होतं, ते इथे माझ्या मांडीवर होतं आणि मला त्याचा उलगडा होत नव्हता.

"वहिनी, हे फुगलं कसं?" माझ्या तोंडून गेलंच.

बायका पुढे सरकल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "सांगू?"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "सांगा ना!"

वहिनी आतून रांगोळीचा छाप घेऊन आल्या, तोच भोकाभोकांचा पत्रा, कमळाचा. कपाटातून कापसाचा एक कच्चा थर काढला, त्यावर छाप ठेवला आणि ओल्या फडक्यानं वरून टिपला. छाप उचलला तेव्हा थरावर पाण्याची कमळं उमटली होती. "आता हे भट्टीत ठेवाचं," त्या म्हणाल्या. "जिथं ओलं हाये तिथं आधी पाणी उडते, मंग धागा पाघळते. मी पाणी उडून व्हायच्या आतच काढून घेतो. कोरडं तेवढं चिकटते, ओलं मोकळंच राह्यते."

मी अक्षरशः टाळी वाजवली. पाणी आहे तोवर ती जागा पाण्याच्या उकळीपेक्षा जास्त तापूच शकत नाही, आणि आवरण वितळायला त्याहून जास्त धग लागते. इतकं साधं! मी शेकडो अर्ज वाचले, पाण्याचा असा उपयोग कुठे पाहिला नव्हता. वहिनींचा चेहरा खुलला होता, बायका "आणखी एक दाखवा" म्हणत होत्या. समोरच्या घरातल्या सूनबाईंनी मोबाइल वर धरला आणि सगळं चित्रित केलं. पुढच्या पाच मिनिटांत ते गावातल्या बायकांच्या ग्रुपवर होतं.

मोबाइल वर गेला तेव्हा मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू! नुसती आसनं वाटली असती तर कदाचित निभावलं असतं, आसन फाडून पाण्याची गोष्ट कोणाला कळली नसती. पण अर्जाआधी कृती चारचौघांत सांगितली की नावीन्य संपलं. हे मी इतरांच्या अर्जांवर लिहीत आले आहे. मला तिथेच थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, कारण वहिनी दुसरा थर काढत होत्या आणि मला तो बघायचा होता.

शनिवार-रविवार मी कायद्यातले अपवाद चाळत बसले. सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनात दाखवलं तर काही काळ सूट मिळते. हळदीकुंकू त्यात कुठून बसणार? वहिनी बापड्या नागपूरला नेसायच्या साडीला इस्त्री करत होत्या. त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही, याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी सकाळी त्या एकट्याच गेल्या. परतीची एसटी यायच्या आधीच मी स्टँडवर जाऊन बसले. वहिनी उतरल्या, माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"त्यायनं पह्यलाच सवाल इचारला," त्या म्हणाल्या, "हे आधी कोणाले सांगतलं काय. मी म्हटलं, हो, चाळीस जणींले. व्हिडिओबी दाखवला. मले वाटलं, पाहून खूश होतीन. त्यायनं म्हटलं, मंग आता नाही भेटत." मग त्यांनी पिशवीचे बंद सारखे केले. "तुम्हाले मालूम होतं ना, बाई? तवाच?"

"हो."

"मंग सांगा कायले म्हटलं?"

"मले पाह्याचं होतं, वहिनी. कसं होते थे."

त्या रागावतील असं मला वाटलं, आणि त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "सतरा वर्सं झाले मले या घरात. माह्या हातचं सगळ्यायले आवडते. पन हे कसं केलं, म्हून आजवर कोणीच इचारलं नाही. तुम्ही इचारलं, तं मले राहवलं नाही."

मग त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. एजंटांनी दिलेला अर्जाचा नमुना होता. आत बोलावल्यावर उशीर नको म्हणून पहिलं पान त्यांनी बाहेर वाट बघता बघताच भरून टाकलं होतं.

"तुमच्या हापिसात नाही जमलं," त्या म्हणाल्या, "तं तुमच्यापाशी राहू द्या."

मी घडी उघडली. अर्जदाराच्या रकान्यात वहिनींचं पूर्ण नाव होतं, एकेक अक्षर सावकाश काढलेलं. दाखल केल्याच्या तारखेची जागा कोरी होती.