शिरक्याचा गोळा

मखमलाबादच्या आशाच्या पायाला भिंगरी होती. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आठ तास उभी राहून आली तरी घरात पाऊल टाकताच हातात फडकं. दिवाळीच्या साफसफाईत तर तिच्या तावडीतून देवसुद्धा सुटायचे नाहीत. अशा बाईच्या हाती सासूनं शिरक्याची बरणी द्यावी, म्हणजे हात दाखवून अवलक्षणच!

पण नवसाबाई तरी काय करणार? डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. माघात घडांवरून गळालेले द्राक्षमणी बरणीत पडत आणि दिवाळीपर्यंत आंबून त्यांचा शिरका, म्हणजे घरचं व्हिनेगर, होई. मग त्यात आलं, लसूण, ओली हळद, तुळशीच्या मंजिऱ्या मुरवायच्या आणि हिवाळाभर कोमट पाण्यातून चमचा चमचा घ्यायचा. खोकला पळतो म्हणत. पळो न पळो, गल्लीत नवसाबाईच्या शिरक्याला मान होता. बावीस वर्षं त्यांनी सुनेला झाकणाला हात लावू दिला नव्हता. यंदा दिला. आता एकदा तरी सासूच्या तोंडून "जमलं" ऐकायचं, एवढंच आशाला हवं होतं.

झाकण काढून बघते तर वर पांढरट, लिबलिबीत गोळा तरंगत होता. नासला गं बाई! तिनं सगळं मोरीत ओतलं, बरणी खसाखसा घासली आणि उन्हात पालथी घातली. तेवढ्यात आतून हाक आली, "आशा, गोळा जाड धरलाय का गं? माझ्या सासूच्या सासूपासूनचा हाय. विरजणावाणी त्यो हाय म्हणून शिरका हाय."

आशानं उन्हात पालथ्या घातलेल्या बरणीकडे पाहिलं. "धरलाय की, आत्याबाई," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं दुकानातून व्हिनेगरच्या दोन बाटल्या आणल्या आणि आलं-लसूण घालून बरणी भरली. पुढचे पंधरा दिवस तिला चैन म्हणून पडेना. दहादा झाकण उघडायची, वास घ्यायची, पुन्हा लावायची. पॅकहाऊसमध्ये लवकर आलेल्या द्राक्षांचे चांगले मणी टोपलीबाहेर टाकले म्हणून मुकादमाची बोलणी खाल्ली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! नवसाबाई नुसत्या खोकल्या तरी ती दचकायची.

अखेर म्हातारीनं कप मागितला. एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"झ्याक जमलाय. माझ्यापरीस लय चांगला."

जे ऐकायला जीव आसुसला होता, तेच ऐकून आशाला रडू फुटलं. "दुकानातला हाय तो, आत्याबाई! गोळा मी मोरीत टाकला."

"ठाऊक हाय. पहिल्या घोटालाच कळलं."

"मग चांगला का म्हणालात?"

"शिव्या घातल्या असत्या तर कबूल झाली असतीस व्हय?"

आशाचं डोकंच फिरलं. "बावीस वर्षांत एकदा कौतुक केलंत, तेबी खोटं!"

नवसाबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सासूच्या सासूचा नव्हता गं त्यो गोळा. लगीन झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मीबी असाच फेकला व्हता. नवा धरायला दोन वर्षं गेली. तवर मालेगावच्या एका बाईकडनं शिरका आणून गुपचूप बरणी भरायची. सासू मेली, तरी माझ्या तोंडून निघालं नाय. तू पंधरा दिवसांत सांगितलंस."