मावत नाय

पेशंटला नाव विचारायच्या आधी ती त्याच्या पायाचा अंगठा धरायची. चादर जराशी वर करून अंगठा हलकेच मागेपुढे करायची, आणि नजर मात्र पेशंटच्या चेहऱ्यावर. मग म्हणायची, "हां, आता बोला. नाव काय?"

बोरिवलीतल्या हाडांच्या एका नर्सिंग होममध्ये आम्ही दोघी एकाच आठवड्यात नर्स म्हणून लागलो. अक्षर माझं चांगलं, इंग्रजी माझं चांगलं, युनिफॉर्मला कडक इस्त्रीसुद्धा माझ्याच. तरी पेशंट मला विचारायचे, "त्या दुसऱ्या सिस्टर कधी येणार?" तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. ते रजेवर गेलं की बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटते. मला लाज जरा कमीच वाटायची.

कंपार्टमेंट सिंड्रोम हा शब्द तिला कधी धड म्हणता आला नाही. ती 'सिंड्रम' म्हणायची आणि मी मनातल्या मनात हसायचे. नव्या मुलींना मात्र ती छान समजावायची. "पोटरीत, हातात स्नायूंचे कप्पे असतात. त्यांचं आवरण ताणत नाही. हाड मोडलं, पाय चिरडला की आत सूज येते. वरून प्लास्टर नाहीतर पट्टी घट्ट बसली की झालंच. रक्ताला जागा उरत नाही. गच्च भरलेल्या डब्याला झाकण लावायला गेल्यासारखं. मग अंगठा नुसता हलवला तरी पोटरीत जीवघेणी कळ येते." मला तर लक्षणांची यादी तोंडपाठ होती. परीक्षेत मला त्यात पूर्ण मार्क होते.

एकदा गोराईच्या एक कोळीण मावशी जेट्टीवर घसरल्या. नडगीचं हाड मोडलं. सकाळी प्लास्टर झालं आणि दुपारी ड्युटी माझी. मावशी सारख्या हाका मारत होत्या.

"पाय मावत नाय गो बाय."

मला वाटलं, प्लास्टरबद्दल बोलतायत. "नवीन आहे मावशी, होईल सवय."

इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने परत तेच, "मावत नाय." सूज उतरावी म्हणून पायाखाली दोन उशा सरकवल्या. बोटं गुलाबी होती, गरम होती. चार्टवर सुंदर अक्षरात 'रक्तपुरवठा ठीक' लिहिलं. बाई फारच नाजूक आहे, असंही मनात म्हटलं.

चार वाजता ती आली. तिने अंगठा जरासा वर केला आणि मावशी किंचाळल्या.

"कधीपासून म्हणतायत मावत नाही?" तिने मला विचारलं.

"दोनपासून. पण बोटं गुलाबी आहेत ना."

"गुलाबीच असतात गं. नाडीपण लागते. पांढरी पडायची वाट बघशील तर पाय जाईल." आवाज जराही चढला नव्हता. बोलता बोलता तिने उशा काढल्या. "उंच ठेवला की आहे तेवढं रक्तपण पोचत नाही. मावशी, मुंग्या येतायत?"

"मगाशी येत व्हत्या. आता कायच कळत नाय."

डॉक्टर धावत आले. प्लास्टर कापलं, आतला कापूसही कातडीपर्यंत कापला. पोटरी लाकडासारखी घट्ट लागली. तासाभरात ऑपरेशन. त्वचा आणि आतलं आवरण उभं उघडून स्नायूंना मोकळं केलं. ती जखम काही दिवसांनी शिवली. पाय वाचला. आणखी काही तास गेले असते तर स्नायू मेले असते, असं डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "कोणाच्या लक्षात आलं?"

"आम्हा दोघींच्या, सर," ती म्हणाली.

मी तिच्यावर इतकी कधीच जळले नव्हते. ती माझ्यावर ओरडली असती, तक्रार केली असती, तर तिला नावं तरी ठेवता आली असती. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

पुढे सासू अंथरुणाला खिळली म्हणून ती नोकरी सोडून कुडाळला गेली. आता वॉर्ड माझा. पेशंट मलाच हाका मारतात. मला हवं होतं ते हेच.

गेल्या महिन्यात मावशी आल्या. चालत, हातात सुक्या बोंबलांची पिशवी.

"ती बाय कुठं हाय?"

"गेली मावशी, नोकरी सोडून."

"मंग तूच घे. ती बोलली व्हती, पाय दोघींनी वाचवला."

एकदाचं बोलून टाकलं. "खोटं बोलली ती. तुम्ही दोन तास सांगत होतात आणि मला कळलंच नाही."

"ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "दुखत मला व्हतं ना." पिशवी माझ्या हातात देऊन त्यांनी फोन पुढे केला. "तिचा नंबर घाल यात."

एखादा आकडा चुकवावा असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला सांगू. मग बरोबर नंबर घातला, आणि लागतोय की नाही ते बघायला तिथेच फोन लावला. पलीकडून तिचा आवाज आला तसा मी फोन मावशींच्या हातात दिला.