घरगाडीचं पस्तान

रिठदच्या रुख्मिणीला प्रवासाचं वावडं कधीच नव्हतं. प्रवासालाच तिचं वावडं असावं. लग्न झाल्यापासून ती जिथं जिथं गेली, तिथं चूल तिच्या आधी जाऊन बसलेली असायची. माहेरी गेली की भावजय म्हणायची, "बरं झालं बाई आल्या, पोयपाट धुऊनच ठेवला हाये." लग्नाला गेली की मांडवाच्या मागे बायांच्या रांगेत तिची जागा ठरलेली. देवदर्शनाला गेली, तर देव पाहिला पाच मिनिटं आणि बरोबरच्यांचं पिठलं ढवळलं तासभर. एवढं करून लोक विचारायचे, "काय रुख्मिणे, फिरून आली मंग?"

तिची इच्छा लहानशीच होती. दुसऱ्या कुणीतरी केलेली गरम पोळी आपल्या ताटात पडावी. ती संपते न संपते तोच दुसरी यावी. बस्स. घरी हे जमणारं नव्हतं. तव्यावरून उतरलेली पोळी नवऱ्याच्या ताटात, मग पोरीच्या, मग आल्यागेल्याच्या. शेवटची दोन थंडगार कातडी तिच्या वाट्याला. "गरम हाये तवर खाऊन घ्या. मी जेवतो मांगून," हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की घरातल्या भिंतींनाही पाठ झालं असेल. पुण्या-मुंबईकडचं कुणी ऐकेल तर हसेल, म्हणून सांगून ठेवतो : आमच्या वऱ्हाडात बाईमाणूसही 'मी जेवतो'च म्हणतं. जेवायला मात्र मागूनच बसतं.

त्यात कोरोना आला. देवळं बंद, शाळा बंद, बाजार बंद; रुख्मिणीचा गॅस तेवढा अत्यावश्यक सेवेत. नवरा जगदेव भाजीचा मळा सोडून कुठं जाईना, पोरगी निकिता कॉलेज मोबाईलवर करायला लागली, आणि दोघांनाही दर दोन तासांनी काहीतरी खमंग लागायला लागलं. जगानं त्या काळात काय काय भोगलं ते खरंच. पण रुख्मिणीनं तळलेल्या भज्यांची नोंद कुठल्या सरकारनं ठेवली नाही.

त्याच दिवसांत निकितानं बापाला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला आणि घरात आग लावून दिली. परदेशातलं एक जोडपं मोठ्या गाडीत राहत होतं. गाडीतच पलंग, गाडीतच मोरी, गाडीतच स्वयंपाकघर. वाटेल तिथं गाडी उभी करायची, खुर्च्या टाकायच्या आणि डोंगर बघत चहा प्यायचा.

जगदेवचे डोळे विस्फारले. "हे पाह्य! ना लॉज, ना हॉटेल, ना कोनाचं उष्टं भांडं. लॉकडाऊन उठू दे, आपून अशीच गाडी करू."

"बाबा, त्यात भांडी कोण घासते ते दाखवत नाई," निकिता म्हणाली. पण बापाचं मन एव्हाना डोंगरावर पोचलं होतं.

जगदेव म्हणजे मनात आलं की मागंपुढं न बघणारा गडी. वांगी आणि कोथिंबीर वाशीमच्या, शेलूबाजारच्या बाजारात नेणारी त्याची जुनी पिकअप त्यानं अंगणात उभी केली आणि तिचं घर करायला घेतलं. वर पत्र्याचं छप्पर चढलं. बाजूला खिडकी कापली, तिला रुख्मिणीच्या जुन्या लुगड्याचा पडदा. खाट कापून गाडीत बसवली. पाण्याच्या टाकीला नळ. आणि मागचं दार उघडलं की खाली पडणारी एक फळी, तिच्यावर शेगडी, खाली छोटं सिलिंडर, बाजूला डब्यांचा कप्पा. ही फळी जगदेवचा जीव की प्राण. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती पाडून दाखवायचा. गावही काही कमी नव्हतं. एकानं विचारलं, "जगदेवभाऊ, याले घरपट्टी लागते का रोड टॅक्स?" दुसरा म्हणाला, "भाऊ, चुलत्याशी वाटणी झाली तं याचं बी वाटप होते काय?" जगदेव हसायचा आणि पुन्हा फळी पाडायचा.

रुख्मिणी ते सगळं ओट्यावरून बघायची. नवरा तिला फिरायलाच नेणार होता, वाईट कसं म्हणायचं? पण आजवर चूल तिच्या आधी जाऊन बसायची, आता चूल बरोबरच निघणार होती. एकदा तिनं भीत भीत विचारून पाहिलं.

"अवो, रस्त्यानं एकदोन टाइम ढाब्यावर जेवलं तं?"

"बाहेरचं?" जगदेवनं असं तोंड केलं की जणू तिनं विहिरीत उडी मारायची गोष्ट काढली. "मंग घरगाडी कायले केली? घरचं खायचं, घरचं प्यायचं. एक टाइमही भाईर नाई, लिहून ठेव."

तिनं लिहून ठेवलं नाही. गिळून टाकलं.

प्रवासाचा बेत रोज बदलत होता. आधी काश्मीर. मग नेपाळ. नेपाळहून पिकअपमध्ये काय भाजी आणता येईल याचाही विचार झाला. मग कुणीतरी घाटाचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा काश्मीर आपोआप बर्फाखाली गेलं. शेवटी कोकणातला समुद्र ठरला. रुख्मिणीनं समुद्र पाहिलेला नव्हता. जगदेवनंही नव्हता, पण तो पाहिल्यासारखं बोलायचा. लस झाली, निर्बंध उठले, मळ्याची जबाबदारी निकिताच्या गळ्यात पडली आणि निघायचा दिवस काढायला जगदेव ब्राह्मणाकडे गेला.

तिथं माशी शिंकली. मुहूर्त निघाला गुरुवारचा, आणि गुरुवारी कोथिंबीर काढायची होती. शनिवारशिवाय निघणं शक्य नव्हतं आणि शनिवार ब्राह्मणाला मान्य नव्हता. पण जुन्या माणसांनी यावर तोड काढून ठेवलेली आहे. तिला पोथीत प्रस्थान म्हणतात, आमच्याकडे पस्तान. चांगल्या दिवशी आपलं एखादं सामान शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान घराबाहेर पडलं म्हणजे प्रवास सुरू झाला, असं देव धरून चालतो. मग सवडीनं निघायचं आणि जाताना ते उचलून पुढं व्हायचं. एवढंच, की एकदा उंबरा ओलांडला की मागं फिरायचं नाही. मागं फिरलं की मुहूर्तही गेला आणि कामही बिघडलं.

जगदेवला ही तोड फार आवडली. त्यानं आठवडाभर तिचे नियम सगळ्यांना ऐकवले. रुख्मिणीला बजावलं, "गल्लीतल्या गोमतीबाईच्या घरी पस्तान तूच ठेव आन् तूच उचल. ज्यानं ठेवलं त्यानंच उचलावं लागते. आन् उगा सुपारी-तांदूळ नको. ज्याच्याबिगर प्रवास अडून बसन, अशी वस्तू ठेवजो."

रुख्मिणी गुरुवारी बराच वेळ गाडीसमोर उभी राहिली. कशाशिवाय अडेल? कपड्यांशिवाय अडणार नाही, अंगावर आहेतच. पांघरुणाशिवाय अडणार नाही. शेवटी तिनं नवऱ्याच्या मनानं विचार केला, आणि सिलिंडरवरचं रेग्युलेटर काढलं. पिवळ्या फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी आणि ते रेग्युलेटर बांधून ती गोमतीबाईच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून आली. तोवर तिच्या मनात काडीइतकंही पाप नव्हतं, हे तिच्या वतीनं मी शपथेवर सांगतो.

शनिवारी सकाळी घरगाडीला हार घातला, नारळ फुटला. निकितानं दोघांचा फोटो काढला. जगदेवनं गाडी सुरू केली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झालेली. आणि चार घरं पुढं, आपल्या दारात, गोमतीबाई उभी होती. हातात पिवळं गाठोडं.

रुख्मिणीनं ते गाठोडं लांबूनच ओळखलं. आता म्हणायचं, थांबा. खाली उतरायचं, गाठोडं घ्यायचं, मांडीवर ठेवायचं. आणि दुपारी रस्त्याच्या कडेला ती फळी पडणार, संध्याकाळी पडणार, समुद्राच्या काठावरही पडणार. लाटा येतील, जगदेव खुर्ची टाकून बघेल आणि ती पाठमोरी उभी राहून पोळ्या भाजेल. तिच्या घशात 'थांबा' आलं होतं. अगदी जिभेवर आलं होतं.

गोमतीबाईनं गाठोडं वर करून हलवलं. रुख्मिणीनं खिडकीतून दोन्ही हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "येतो वो माय!"

"किती जीव हाये गोमतीबाईचा," जगदेव म्हणाला, आणि त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मग आठवण होऊन विचारलं, "पस्तानाचं ध्यानात हाये ना?"

"मले चांगलं ध्यानात हाये," रुख्मिणी म्हणाली. एक शब्द खोटा नव्हता.

जवळचंच शिरपूर मागं टाकून थोडं पुढं गेल्यावर जगदेवनं एका लिंबाखाली गाडी लावली. एवढ्यात कुणी जेवतं का? पण त्याला फळी पाडायची घाई झाली होती. त्यानं खुर्ची टाकली, पाय पसरले, समोरच्या हरभऱ्याच्या रानातल्या ढेकळांकडे डोंगर असल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "होऊ दे पिठलं!"

रुख्मिणीनं शेगडीचं बटन फिरवलं. लायटर टकटक वाजवला. पुन्हा वाजवला. जगदेव उठून आला, वाकला, आणि सिलिंडरच्या बोडक्या तोंडाकडे बघतच राहिला.

"रेग्युलेटर कुठं हाये वं?"

"पस्तानात."

"पस्तानात कायले?"

"तुमीच तं म्हनलं, ज्याच्याबिगर प्रवास अडन अशी वस्तू ठेव."

"मंग उचललं काहून नाई?"

रुख्मिणी लुगड्याच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "फिरा ना मंग मांगं. रिठद काय लय दूर हाये?"

जगदेवनं आठवडाभर अख्ख्या गावाला ऐकवलेला नियम आता त्याच्याच नरड्यात अडकला होता. त्यानं गोमतीबाईला फोन लावला, कुणाच्या हाती पाठवता येईल का म्हणून. पलीकडून तिचा खणखणीत आवाज आला, "बापा, तुमीच सांगतलं ना, ठेवलं त्यानंच उचलावं! मी नाई कोनाच्या हाती देत. तुमच्या प्रवासाले काई झालं तं माह्यावर यायचं."

मग जगदेवनं पुरुषार्थ केला. तीन दगड मांडले, बाभळीच्या काटक्या जमवल्या, बोटात दोन काटे भरून घेतले. पेटवलं की वारा विझवायचा. विझलं की धूर थेट त्याच्याच डोळ्यांत. एक ट्रक गेला तो अर्ध्या रस्त्याची धूळ पिठात टाकून गेला. रुख्मिणी त्याच्या खुर्चीत बसून हे बघत होती. तिला हसूही येत होतं आणि त्याची दयाही येत होती. हसू जास्त येत होतं. आणि रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरून लसणाच्या फोडणीचा वास सरळ त्यांच्याकडे येत होता.

जगदेवनं डोळे पुसले. धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी आधी दगडांकडे पाहिलं, मग ढाब्याकडे, मग बायकोकडे.

"चाल," तो म्हणाला. "एकच टाइम."

ढाबा नुकताच पुन्हा उघडला होता. भट्टीवर मालक स्वतःच, पांढऱ्या मिशांचा मदनसिंग. फडकं मारून त्यानं टेबल पुसलं आणि विचारलं, "बोला बाई, काय आणू?"

रुख्मिणीला कळेना की तो कुणाला विचारतोय. तिनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. "बाई" म्हणजे आपणच, हे मग तिच्या लक्षात आलं. वांग्याच्या मळ्यातली बाई, तिनं घाबरून वांग्याचीच भाजी सांगितली.

"आणि पोळी?"

"गरम," ती म्हणाली. तेवढंच तिला ठाऊक होतं.

भाजी आली, कांदा आला. मग मदनसिंग तव्यावरून फुगलेली, वाफ सोडणारी पहिली पोळी घेऊन आला आणि जगाच्या रीतीप्रमाणं ती जगदेवच्या ताटात टाकून गेला. रुख्मिणी आपलं रिकामं ताट बघत राहिली. इतक्या लांब येऊनही नंबर दुसराच, असं तिच्या मनात आलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. असेना दुसरा, पोळी गरम तर येईल.

जगदेवनं घास तोडायला हात घातला आणि चटका बसून मागं घेतला. बोट तोंडात घालून तो बायकोकडे पाहायला लागला. ती पोळीकडे बघत होती. लहान पोरं जत्रेत फुग्याकडे बघतात तसं. गोमतीबाईचं वर केलेलं गाठोडं त्याला आठवलं असावं, जोडलेले हातही आठवले असावेत. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग दुसरंच काहीतरी आलं. त्यानं ती पोळी चटके सोसत दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या ताटात ठेवली.

"गरम हाये तवर खाऊन घे," तो म्हणाला. "मी जेवतो मांगून."

वाक्यात जवळपास काहीच बदलावं लागलं नव्हतं. रुख्मिणीनं पहिला घास मोडला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जगदेवनं विचारलं तेव्हा धूर लागला म्हणाली, आणि दुसऱ्या पोळीसाठी मदनसिंगाकडे पाहून मान डोलावली.