सरांचं हार्दिक अभिनंदन

आमच्या तालुक्याच्या कला महाविद्यालयात ऊसतोड कामगारांवर राष्ट्रीय चर्चासत्र भरलं ते ऐन जानेवारीत. जानेवारीत आमच्याकडे ऊसतोड कामगार औषधालाही सापडत नाही. तो दिवाळी झाली की निघतो, पार कर्नाटकापर्यंत जातो आणि पाडव्याच्या आगेमागे परततो. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण तारीख समाजशास्त्राच्या विभागप्रमुख सरांनी ठरवली होती, आणि सरांचं तर या विषयावर संशोधन होतं.

विषय होता ‘ऊसतोड कामगारांच्या पाल्यांचे शिक्षण : समस्या आणि आव्हाने’. आमच्या कॉलेजात चर्चासत्र कशावरही असो, शेवटी समस्या आणि आव्हाने असतातच. उपाय आजवर एकाही निमंत्रणपत्रिकेवर मावलेला नाही.

मी आदल्याच वर्षी तिथून बी.ए. झाले होते. नोकरी नव्हती, ऊसतोड कामगारांची संघटना होती. पत्रकं लिहायची, वाटायची, पोलिसांनी विचारलं की खिशातलं दाखवायचं. सरांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, मागच्या पत्रकाबद्दल झापणार. सरांनी चहा सांगितला.

“तू त्या लोकांत फिरतेस ना? एखादं पाल्य मिळेल का गं? स्टेजवर बसवायला. पाहुणे फार मोठे आहेत, अगदीच कुणी नसलं तर बरं दिसत नाही.”

पाल्य होतं की. सरांच्याच वर्गात होतं. म्हणजे हजेरीपटावर होतं, बाकावर नव्हतं. माझ्या शेजारच्या घरातली पोरगी, बी.ए. तिसऱ्या वर्षाला. तोडीवर एकटं माणूस कुणी नेत नाही. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. तिच्या आईचा खांदा निखळला आणि तो कोयता अर्धा राहिला. उरलेला अर्धा ही झाली. घरातून कुणी दुसरं निघण्यासारखं नव्हतंच.

आणि याच सरांनी डिसेंबरात नोटीस लावली होती, की पंच्याहत्तर टक्के हजेरी नसणाऱ्यांना परीक्षेला बसता येणार नाही. नोटिशीत तिचं नाव होतं. तिच्यासारख्या आणखी पोरापोरींची नावं होती, सगळी तोडीवर गेलेली. निमंत्रणपत्रिका त्याच नोटीस बोर्डावर, त्या नोटिशीच्या शेजारी टाचली होती.

मी सरांना तोंडावर सांगितलं, “सर, ती तुमचीच विद्यार्थिनी आहे. तुम्हीच तिला परीक्षेतून काढलंय.”

“अरे वा, आपलीच?” सर खरोखर खूश झाले. “बोलव तिला. परीक्षेचं बघू आपण.”

मी फोन लावला. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“ताई, खरंच बघतेल का गं? मुकादम सोडंना.”

“बघू म्हणालेत.”

“बघू म्हंजी न्हाईच असतंय त्यांचं.”

“तू ये तरी. समोर उभी राहा. समोर नाही म्हणायला जड जातं माणसाला.”

ती आली. दोन एसट्या बदलून, बापाला एकट्याला उसाच्या फडात सोडून, मुकादमाच्या शिव्या खाऊन आली. तिला परीक्षेला बसायचं होतं. बी.ए. झाली तर पुढं बी.एड., आणि बी.एड. झाली तर तो कोयता कायमचा खाली. एवढाच तिचा हिशेब, त्यात समस्या आणि आव्हाने काही नव्हती.

चर्चासत्राचा थाट काय सांगावा. पाहुणे परळीला रेल्वेनं उतरले, त्यांना आणायला गेलेली पांढरी गाडी तिथल्या थर्मल वीज केंद्राची राख अंगावर घेऊन आली. मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा सत्कार, प्राचार्यांचा सत्कार, प्राचार्यांच्या हस्ते विभागप्रमुखांचा, विभागप्रमुखांच्या हस्ते ज्यानं शाली आणल्या त्याचा. अर्धी सकाळ शाली घालण्यात आणि काढण्यात गेली. मग सगळ्यांनी स्थलांतरावर निबंध वाचले. श्रोत्यांत प्रमाणपत्रासाठी आलेले बाहेरगावचे प्राध्यापक होते, ते जेवणाचा वास सुटला तसे मागच्या मागे पातळ झाले.

शेवटी सरांनी तिच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माईक पुढं केला. “बाळ, दोन शब्द बोल.”

ती दोनच शब्दांची तयारी करून आली होती. “सर, मला परीक्षेला बसू देताल का?”

मग पाहुण्यांनी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. बाहेरगावचे प्राध्यापक जेवण सोडून दारात आले. माझ्या शेजारचे एक सर डोळे पुसत म्हणाले, “काय समारोप केला पोरीनं!” त्यांना ते भाषण वाटलं होतं. आणि विभागप्रमुख सर भरात आले. त्यांनी माईक घेतला आणि हात उंचावून म्हणाले, “आमचं महाविद्यालय ऊसतोड कामगारांच्या एकाही लेकराला परीक्षेपासून वंचित ठेवणार नाही!” पुन्हा टाळ्या.

पाहुण्यांची गाडी गेली तशी ती सरांच्या केबिनमध्ये गेली. मी दारात होते.

“सर, मग माझा फॉर्म भरू का?”

“कसला फॉर्म?”

“परीक्षेचा. तुमी म्हनले न्हाई का आत्ता, माईकवर?”

सर हसले. वाईट माणूस नाहीत ते, खरंच मायेनं हसले. “अगं बाळ, ते भाषण होतं. नियम वेगळा असतो.”

ती उठली, शाल घडी करून सरांच्या टेबलावर ठेवली आणि संध्याकाळच्या एसटीनं फडावर गेली. जाताना मला म्हणाली, “तू म्हनलीस, समोर जड जातं. त्यांना काय बी जड गेलं न्हाई.”

माझं डोकं फिरलं. पत्रक लिहिलं, ‘दुटप्पी प्राध्यापकांचा जाहीर धिक्कार’. गेटवर वाटलं. सरांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि भाषेचं कौतुक केलं. प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष विभागप्रमुख सर.

म्हटलं, पत्रक छोटं पडतंय. फ्लेक्सच लावते, दहा फुटी. बसस्टँडमागच्या फ्लेक्सवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी मजकूर वाचला आणि कागद परत दिला.

“बेटा, धिक्कार आला की मशीनच बंद पडती आमची.”

“कावून?”

“कावून म्हंजे? उद्या तेच सर वाढदिवसाचा फ्लेक्स घिऊन माझ्याकडंच येतेल. गावात ऱ्हायचं हाय मला. वाढदिवस सांग, निवड सांग, भावपूर्ण श्रद्धांजली सांग, आत्ता काढून देतो.”

दुकानाच्या भिंतीवर सगळ्या तालुक्याचे चेहरे टांगलेले होते. सरपंच, भावी आमदार, आदर्श शिक्षक, सगळे हात जोडून. मी त्या भिंतीकडे बघत होते. माझ्या लक्षात आलं, या तालुक्यात धिक्कारानं अजून कुणाचं पान हललेलं नाही. अभिनंदनाला मात्र कुणी नाही म्हटलेलं नाही.

“चाचा, मग अभिनंदनाचाच काढा.”

मजकूर मीच सांगितला. ‘ऐतिहासिक निर्णय! ऊसतोड कामगारांच्या एकाही लेकराला परीक्षेपासून वंचित न ठेवण्याची घोषणा करणाऱ्या विभागप्रमुख सरांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त ऊसतोड कामगार परिवार.’ एक अक्षर खोटं नव्हतं. फोटो चर्चासत्रातला, सर तिला शाल घालतानाचा. तिला फोनवर आधी विचारलं, ती म्हणाली, “लाव, आता काय जायचं ऱ्हायलंय.” चाचांनी सरांना दोन छटा गोरं केलं.

एक फ्लेक्स बसस्टँडवर, एक कॉलेजच्या गेटवर. दुपारपर्यंत सरांना फोन सुरू झाले. तेलगावच्या कुणा पुढाऱ्यानं हार आणला. एका पेपरनं बातमी छापली. संस्थेच्या अध्यक्षांनी प्राचार्यांना फोन करून शाबासकी दिली, आणि प्राचार्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की यात माझा फोटो कसा नाही? तिसऱ्या दिवशी कॉलेजनं स्वतःच्या खर्चानं आपला वेगळा फ्लेक्स लावला. त्यात प्राचार्य मोठे, सर लहान आणि ती एका कोपऱ्यात.

सरांनी मला बोलावलं. “हे तू केलंस?”

“परिवारानं केलं, सर.”

सरांनी मोबाईलवर फ्लेक्सचा फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, “चेहरा जरा जास्तच गोरा झालाय.” आणि खिडकीकडे बघत, “तिला म्हणावं, येऊन परीक्षा देऊन जा. विशेष बाब म्हणून.”

“आणि बाकीचे? ‘एकाही लेकराला’ असं लिहिलंय, सर.”

“अगं, ते अभिनंदनाचं लिखाण आहे.”

बाकीच्यांचे शालीतले फोटो नव्हते. त्यांच्यासाठी फ्लेक्सवर लावायला माझ्याकडे काही नव्हतं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती फडावरून थेट आली. उसाच्या पात्यानं कापलेल्या हातांवर चिंध्या होत्या, पेन नवं होतं. गेटवर सर उभे, शाल उघडून, काखेत नारळ, शेजारी फोटोग्राफर, एक पत्रकार. पेपरची घंटा झाली होती.

“सर, पेपर सुटल्यावर घाला की शाल.”

“दोनच मिनिटं बाळ, पत्रकार थांबलेत.”

तिनं नारळ घेतला, माझ्या हातात कोंबला आणि शालीखालून वाकून पळत आत गेली. सर शाल धरून तसेच उभे.

फोटोग्राफर वैतागला. “सर, घाला की कुणाला तरी.”

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. माझ्या हातात नारळ होताच. शाल माझ्या अंगावर आली.

ती पास झाली. तो फोटो पेपरात आला, आणि अजून कुणी ना कुणी मला म्हणतं, किती मनापासून हसलीयस गं. त्यात माझं तोंड उघडं आहे, हे खरं. मी हसत नव्हते. बाकीच्यांचं काय, सर, हेच विचारत होते.