नात्याचा रकाना

आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या वहीत 'नाते' हा रकाना मीच घातला. कोणी सांगितलं म्हणून नाही, माझ्याच डोक्यातून तो आला होता. त्या वेळी मी सेक्रेटरी होतो. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं लॅबमध्ये काढून नुकताच निवृत्त झालो होतो. अक्षर बरं, हातात वेळ भरपूर, म्हणून नावडे कॉलनीतल्या आमच्या चार मजली सोसायटीने मला बिनविरोध निवडलं होतं.

निमित्त चोरीचं होतं. पार्किंगमधून दोन सायकली गेल्या आणि पंधरा दिवसांत पाण्याच्या मोटरची केबल कापून नेली. जनरल बॉडीत आरडाओरडा झाला. सगळ्यांचा रोख भाडेकरूंवर. मालक सगळे एकमेकांना ओळखतात, भाडेकरूंकडे मात्र कोण येतं कोण जातं कळत नाही, असं एकेक जण बोलू लागला. मी तिथेच बसून ठराव लिहिला. मालकांच्या पाहुण्यांनी नाव आणि फ्लॅट नंबर लिहावा. भाडेकरूंच्या पाहुण्यांनी त्याशिवाय येण्याजाण्याची वेळ, गाडीचा नंबर आणि भाडेकरूशी असलेलं नातं लिहावं. वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. एकही हात विरोधात वर गेला नाही. मराठी मुद्देसूद आहे, असं कोणीतरी म्हणालं. मला बरं वाटलं.

त्यानंतर मला एक सवय लागली. दर रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी वॉचमनच्या केबिनमध्ये जायचो आणि आठवड्याची वही वाचायचो. चोर शोधायला, असं मी स्वतःला सांगत असे. पण चौथ्या-पाचव्या रविवारी मला बरंच काही माहीत झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या विधुर गृहस्थांकडे दर गुरुवारी एक बाई येतात. तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या जोडप्याकडे त्यातल्या मुलीच्या माहेरचं कोणीच येत नाही. एकदा जेवताना मी त्या गुरुवारच्या बाईंचा विषय काढला. बायकोने भाजी वाढता वाढता विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"वहीत आहे."

"तुम्ही त्यांच्याशी बोललात कधी?"

"नाही."

"मग राहू दे ना." एवढंच म्हणून तिने विषय बदलला. मी काही वही वाचायची सोडली नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई भाड्याने एकट्या राहत होत्या. वय पस्तिशीच्या आसपास, साताऱ्याकडच्या. खारघरच्या एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिसच्या मशीनवर काम करायच्या. पहाटे जायच्या, दुपारी यायच्या. कधी कोणाशी भांडण नाही, मोठ्याने टीव्ही नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा त्यांच्याकडे एक गृहस्थ यायचे. ते नाव लिहायचे, गाडीचा नंबर लिहायचे, वेळ लिहायचे. नात्याच्या रकान्यात लिहायचे, 'पाहुणे'. वॉचमनने अडवलं की ते शांतपणे थांबायचे. वॉचमन इंटरकॉम करायचा. बाई वरून म्हणायच्या, "पाहुणे आहेत. तेवढंच लिहा."

असं सहा-सात वेळा झालं, तेव्हा कमिटीने त्यांना रविवारी बोलावलं. जिन्याखालच्या ऑफिसात आम्ही पाच जण बसलो होतो. त्या आल्या, समोरच्या खुर्चीवर बसल्या. चेअरमनसाहेबांचा पोर्टला कंटेनर ट्रेलरचा धंदा. माणूस वाईट नाही, पण सगळं पटकन उरकायची सवय.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. "फॉर्मॅलिटी आहे फक्त. नातं काय ते सांगून टाका, विषय संपला."

"नाव लिहिलंय, गाडीचा नंबर लिहिलाय, वेळ लिहिलीय," बाई म्हणाल्या. "उद्या चोरी झाली तर एवढ्यावरून माणूस सापडेल. नात्यावरून कसा सापडणार?"

"ते ठीक. पण नियम आहे ना. जनरल बॉडीत पास झालाय. लोकशाही आहे आपल्याकडे."

"लिफ्टचं काम कधी काढायचं, गेट किती वाजता बंद करायचं, हे तुम्ही हात वर करून ठरवा. मी भाडेकरू, मला मत नाही, तरी मी ते पाळते. पण माझ्या घरात बसून मी कोणाबरोबर चहा घ्यायचा, हे हात वर करून कसं ठरेल?"

कमिटीत एक काकू होत्या. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, लपवायचं काही नसेल तर सांगायला काय जातं?"

"काकू, तुम्हीही घरात गेलात की दार लावून घेता. ते काही लपवायचं असतं म्हणून लावता का?"

मग त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. "काका, ही वही वाचतं कोण?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. "मी वाचतो," मी म्हणालो.

"सापडला का चोर?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि ड्युटीचे कपडे धुवायचेत असं सांगून उठून गेल्या.

त्या गेल्यावर कमिटी चिडली. एका भाडेकरूने नियम मोडला तर उद्या कोणीच जुमानणार नाही, असं ठरलं. फ्लॅटच्या मालकाला पत्र द्यायचं, महिन्याभरात जागा रिकामी करून घ्या. पत्र अर्थातच मी लिहायचं. मी लिहिलंही. फक्त मालकाला आधी तोंडी सांगावं म्हणून सही न करता खिशात घालून स्कूटर काढली.

फ्लॅटचे मालक पंचाहत्तरीचे आगरी गृहस्थ. उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावात राहायचे. शेती संपादनात गेली, त्या पैशातून त्यांनी आमच्याकडे एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ओटीवर बसून सुपारी कातरत होते. मी पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा शोधला नाही, मलाच वाचायला लावलं. मी वाचलं. स्वतःचं लिहिलेलं पत्र असं दुसऱ्याच्या ओटीवर मोठ्याने वाचताना माझाच आवाज मला परका वाटू लागला होता.

"तिना कोनाचा काय चोरला?" दादांनी विचारलं.

"चोरलं नाही हो. पण नियम आहे. सर्वानुमते झालेला."

"सर्वानुमते," ते म्हणाले आणि थोडा वेळ सुपारीच कातरत राहिले. मग बोलायला लागले.

ते दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांची थोरली बहीण विधवा होऊन माहेरी आली. लहान वयातच. पनवेलला एका दवाखान्यात आयाचं काम मिळत होतं. बापाने तिला पाठवली. संध्याकाळच्या एसटीने ती परत यायची. गावाला ते रुचलं नाही. विधवा बाईने रोज गावाबाहेर जायचं, परक्या माणसांत वावरायचं, हे चालायचं नाही म्हणून देवळात गाव बसला. बापाला विचारलं, ती कोणाबरोबर येते, कोणाबरोबर जाते. बाप म्हणाला, माझी पोर कामाला जाते, त्यापुढचं मी सांगणार नाही.

"गावाना हात वर केलं," दादा म्हणाले. "समदं हात वर. आमचा चुलता पन तेंच्यात. वालीत टाकला आमाला. पानी नाय, बोलनं नाय, लगनाला बोलावनं नाय. तीन वर्सं. आजी मेली तवा खांदा द्याला गावातला कोन नाय आला. बाप, मी आनि आत्याचं दोन जावई. मी केवढासा, माजा खांदा तिरडीला लागना. बाप वाकून चालला, तिरडी समान रावी म्हनून."

मी विचारलं, "मग बहिणीने काम सोडलं का?"

"कशाला सोडंल? तिच्या पगारावं तर घर चालला. नंतर गावच हलूहलू बोलाया लागला. कोनी माफी नाय मागितली. तसाच बोलाया लागला." त्यांनी सुपारी माझ्यापुढे केली. "मी ज्या पोरीला रूम दिलाय, तिचा भाडा वेळेवर येतय. तिचा संसार मी भाड्यानं घेतलेला नाय. तुमचं पत्र ठेवा तुमच्याकडं."

परतताना जासईजवळ ट्रेलरच्या रांगेत अर्धा तास अडकलो. उन्हात हेल्मेट काढून उभा होतो. तेव्हा मला प्रथमच नीट लाज वाटली. कमिटीची नाही, माझी स्वतःची. त्या देवळात मी असतो तर माझाही हात वर गेला असता, आणि ठरावसुद्धा बहुधा मीच लिहिला असता. मी कधी मतदान चुकवलं नाही. हात मोजले, जास्त कुठे ते पाहिलं की लोकशाहीचं काम झालं, असंच मी धरून चाललो होतो. काही गोष्टी मोजायला घ्यायच्याच नसतात, एकट्या माणसाच्या त्या एकट्याच्याच राहू द्यायच्या असतात, हे मला साठीत एका भाडेकरू बाईने आणि एका अंगठाछाप म्हाताऱ्याने शिकवलं.

मी चेअरमनना सांगितलं की पत्रावर मी सही करणार नाही.

"मग काय राजीनामा देणार?" त्यांनी विचारलं.

"देईन. पण आधी जनरल बॉडी बोलवा. ठराव मी आणला होता, मागेही मीच घेतो."

पंधरा दिवसांनी गच्चीवर मीटिंग झाली. दादा रिक्षा करून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. मी उभा राहिलो. भाषण वगैरे येत नाही मला. मी सांगितलं की हा रकाना घातल्यापासून मी दर रविवारी वही वाचली, चोर सापडला नाही, मात्र शेजाऱ्यांच्या घरातल्या नको त्या गोष्टी मला कळल्या. काही जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपलं काय काय याला माहीत आहे, असा हिशोब चालला असावा. तिसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ खाली बघत होते. वहीत नाव, नंबर, वेळ ठेवू, नातं काढून टाकू, एवढं बोलून मी बसलो.

मग हात वर झाले. त्या गृहस्थांचा हात माझ्या बाजूने होता. काकूंचाही होता, याचं मला नवल वाटलं. तरीही मी चार मतांनी हरलो. रकाना कायम राहिला.

चेअरमन म्हणाले, "आता निर्णय झालेला आहे. दादा, तुम्हीही ऐकलंत."

दादा बसल्या जागेवरून म्हणाले, "ऐकला. तुमचा नियम वहीत ठेवा. पोर जाईल तवा जाईल. तू जाशील का, असा मी तिला विचारनार नाय."

मी राजीनामा दिला. नव्या सेक्रेटरींनी दादांना पत्र पाठवलं नाही. चेअरमननी कोणा ओळखीच्या वकिलाला विचारलं होतं आणि वकिलाने या भानगडीत पडू नका असा सल्ला दिला, असं मागाहून कळलं. बाईंचे पाहुणे 'पाहुणे'च लिहीत राहिले. जुनी वही संपली तेव्हा नव्या सेक्रेटरींनी हाताने रेघा मारायचा कंटाळा केला आणि दुकानातून छापील रजिस्टर आणलं. त्यात नात्याचा रकाना नव्हता. कोणी तो परत घालायला सांगितलं नाही. मला खरं तर तो मताने गेलेला आवडला असता. पण गेला.

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मी एका संध्याकाळी घरी जाऊन भेटलो. माफी मागायला गेलो होतो, पण त्यांनी ते बोलूच दिलं नाही. चहा केला. आम्ही दोघे तासभर बोललो, बहुतेक त्यांच्या गुडघ्यांबद्दल.

दोन वर्षांनी त्या बाईंनी पनवेलच्या पुढे स्वतःचा वन-बीएचके घेतला. सामानाचा टेम्पो लागला तेव्हा मी खाली उभा होतो. दादाही आले होते. डिपॉझिटचे पैसे द्यायला आलोय म्हणाले, पण तेवढ्यासाठी त्यांना यायची गरज नव्हती. बाई पाया पडायला वाकल्या तर त्यांनी खांद्याला धरून थांबवलं. मग त्या माझ्याकडे आल्या.

"काका, तिकडच्या सोसायटीत मला सेक्रेटरी हो म्हणताहेत. शिकलेली आहे, वेळेची पक्की आहे म्हणून. होऊ का?"

"व्हा की."

"काही सांगाल?"

मी विचार केला. "ठराव लिहिलात की तिथल्या तिथे सही करू नका," मी म्हणालो. "घरी घेऊन जा, जेवा, आणि मग ज्याच्याविषयी लिहिलाय त्याला तो स्वतः वाचून दाखवा."

त्या हसल्या. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. त्या पुढच्या सीटवर चढून बसल्या, एक कुंडी मांडीवर घेतली आणि गाडी वळून हायवेच्या दिशेने गेली. दादा आणि मी कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग घेत बराच वेळ बसलो होतो.