शेवटून खोडली तरी मूळच

मल्लेश्वरमच्या आमच्या घरात पत्रकं आधी आली, मी नंतर. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यातल्या युनियनची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. त्यांचा एक नियम होता: पत्रक शेवटून कापायचं. गेटवरचा माणूस कुठेही वाचायचं थांबवतो. तो थांबेल तिथे पत्रक पुरं वाटलं पाहिजे. म्हणून शेवटची ओळ खोडायची, उरलेलं वाचायचं, मग तिच्या आधीची खोडायची. पुढे मी लिहू लागले आणि ते माझ्या ओळी खोडू लागले. हे काम आम्हा दोघांचं होतं. भावाला त्यात रस नव्हता.

मग वहिनी आली. बेळगावची, कॉलेजात गणित शिकवणारी. अण्णांनी तिला आमचा नियम सांगून टाकला, आणि तिने तिथल्या तिथे एक संख्या लिहिली: ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

"ही मूळ संख्या, अण्णा. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. आता शेवटचा आकडा खोडा."

अण्णांनी खोडला. ७३९३९१३. तीही मूळ. मग ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, आणि उरला नुसता ७. कुठेही थांबा, फुटतच नाही.

अण्णा जितके खूश झाले, तितके माझ्या कुठल्याही पत्रकावर झाले नव्हते.

"या संख्येने कुणाचं पोट भरतं?" मी म्हटलं.

"कुणाचंच नाही," वहिनी म्हणाली. "तुझ्या पत्रकाने भरतं का गं?"

"स्वल्प गप्प बस, जरा," अण्णा कानडी मिसळत मलाच म्हणाले.

मला ती संख्या हरवायची होती. शेवटी नववा आकडा जोडून बघत बसले. शून्य किंवा सम आकडा जोडला तर दोनाने भाग जातो, पाच जोडला तर पाचाने. एक किंवा सात जोडला तर तिनाने. उरले तीन आणि नऊ. फोनवर तपासले, दोन्ही फुटले.

"ती पुढे वाढत नाही," वहिनी कॉफी गाळत म्हणाली. "आणि तिच्याहून मोठी अशी दुसरी नाहीच."

त्याच आठवड्यात होसकोट्याच्या कंत्राटी कामगारांसाठी लिहिलेलं पत्रक मी अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि पेन्सिल वहिनीकडे सरकवली. "तू बघ."

तिने शेवटच्या दोन ओळी खोडल्या. माझ्या सर्वांत आवडत्या. उरलेलं मोठ्याने वाचलं, तर ते पहिल्यापेक्षा ताठ उभं होतं. पत्रक लिहिणाऱ्याचं नसतं, कामगारांचं असतं, असं मीच सभांमध्ये सांगते. तसंच छापायला दिलं.

"वाटायला मीही येते," वहिनी म्हणाली.

"ने की तिला," अण्णा म्हणाले.

बसला फार गर्दी असते, असं सांगून मी एकटीच गेले.